ट्रक घेतलाय, आता वाळवंटात जायचंय: नेवाडाच्या हायवे ५० वरची पहिली कॅम्पिंग ट्रिप

मी ट्रक घेतला हे घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "का रे, नोकरी गेली का?" त्यांच्या डोळ्यासमोर सहा चाकी, मागं 'हॉर्न ओके प्लीज' वाला ट्रक. तर इथं ट्रक म्हणजे पिकअप, पुढं चार-पाच माणसं आणि मागं उघडा हौदा. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, आपल्या बऱ्याच मंडळींनी गेल्या काही वर्षांत असे ट्रक घेतलेत आणि ते बिचारे ट्रक आठवडाभर ऑफिस आणि शनिवारी पटेलांच्या दुकानातून तांदळाची पोती एवढंच करतायत. दर महिन्याला कुणीतरी विचारतं की वाळवंटात कॅम्पिंगला जायचंय, काय काय घेऊ? मी दरवेळी तेच तेच टाइप करतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. वाळवंट म्हटलं की लोक उन्हाला घाबरतात, साप-विंचवाला घाबरतात. खरा प्रश्न अंतराचा असतो. पंक्चर इथंही होतं आणि सनीव्हेलमध्येही होतं, फरक एवढाच की सनीव्हेलमध्ये पाऊण तासात कुणीतरी येतं आणि इथं दुसऱ्या दिवशी दुपारी एखादी गाडी दिसली तरी नशीब समजा. त्यामुळं माझा सगळा हिशोब 'अर्ध्यावर परत' असा असतो, म्हणजे पेट्रोल अर्धं झालं, पाणी अर्धं झालं किंवा दिवस अर्धा गेला की पुढं काय दिसतंय ते न बघता मागं वळायचं.

कुठं जायचं

पहिल्याच ट्रिपला डेथ व्हॅलीतलं रेसट्रॅक नावाचं कोरडं तळं किंवा मोहावी रोड हा वाळवंटातला लांबलचक कच्चा रस्ता असलं काही करू नका. फोटो भारी येतात, पण रेसट्रॅकचा रस्ता टायर फाडण्यासाठीच प्रसिद्ध आहे आणि तिथून गाडी ओढून आणायचं बिल बघून डोळे पांढरे होतील. नवख्या माणसाला माझ्या मते हायवे ५० सारखा रस्ता नाही. सॅक्रामेंटोवरून निघा, टाहो ओलांडा, कार्सन सिटी, मग फॅलन, आणि फॅलन सोडलं की माणसं संपतात. १९८६ मध्ये लाइफ मासिकानं या रस्त्याला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं होतं, टोमणा म्हणूनच, पण नेवाडावाल्यांनी त्याचीच पाटी करून रस्त्यावर लावली. हुशार लोक.

रस्ता अख्खा डांबरी आहे, हे नवख्यांसाठी महत्त्वाचं. मेन रस्ता चांगला आणि दोन्ही बाजूला हवे तेवढे कच्चे फाटे, त्यामुळं फाट्यावर पाच मैल आत जायचं, जमलं नाही तर पाच मैलात परत डांबरावर. गावं मोजून चार: फॅलन, ऑस्टिन, युरेका, ईली. फॅलन ते ऑस्टिन साधारण ११० मैल, ऑस्टिन ते युरेका ७०, युरेका ते ईली ७७. मध्ये काही नाही असंच धरून चाला. आणि हा काही सपाट राजस्थान टाइप वाळूचा प्रदेश नाही बरं का, डोंगराची रांग, मग मोठं खोरं, परत डोंगराची रांग असं शेवटपर्यंत चालू राहतं, रस्ता कितीतरी वेळा ७००० फुटांवर चढतो आणि उतरतो. घाटमाथ्यावरून पुढचा सरळसोट रस्ता पुढच्या डोंगरापर्यंत दिसतो, आणि समोरून दिसणारी गाडी आपल्यापर्यंत यायला दहा मिनिटं लागतात. मी माणदेशातला, उजाड माळ बघून मला काही वाटायचं कारण नाही, पण हे बघून मीसुद्धा गप्प बसलो होतो.

कधी जायचं? मे मध्यापासून जून मध्यापर्यंत, नाहीतर सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. ऑक्टोबरात ६५०० फुटांवर रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, "वाळवंटात कसली थंडी" म्हणून पातळ चादर घेऊन आलेले आमचे एक मित्र रात्रभर हीटर लावून गाडीत बसले होते.

फुकट कुठं राहता येतं

हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नेवाडातली सुमारे ६३ टक्के जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम या केंद्र सरकारच्या खात्याच्या ताब्यात आहे, आणि मनाई नसेल तिथं या जमिनीवर तंबू ठोकून राहायला पैसे लागत नाहीत, बुकिंग लागत नाही. साधारण नियम असा की एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त नाही. बदल्यात तिथं काहीच नसतं, नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही. सगळं आपण न्यायचं आणि सगळं, कचऱ्यासकट, परत आणायचं.

जागा शोधताना नवीन जागा तयार करू नका, आधी कुणी राहिलंय अशी जागा बघा, दगडांचं गोल चूल-कडं दिसलं की समजायचं. रस्त्यापासून थोडं आत, पण ओढ्याच्या कोरड्या पात्रात अजिबात नाही. इथं त्याला वॉश म्हणतात. सपाट, मऊ वाळू, आडोसा, तंबूसाठी एकदम बेस्ट वाटते आणि तिथंच माणसं मरतात. जुलै ते सप्टेंबर इकडच्या वाळवंटात दुपारचे वळीव पाऊस येतात आणि पूर आपल्या डोक्यावर पाऊस पडल्यावरच येतो असं नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये ॲरिझोनाच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, पाऊस पडला होता मैलोनमैल लांब. माणगंगा आठवा, सकाळी पोरं पात्रात क्रिकेट खेळतात आणि वर कुठंतरी ढग फुटला की संध्याकाळी लाल पाणी. तेच आहे.

जिथं गायी सोडलेल्या असतात तिथं फाटक लागतं. नियम सोपा आहे, फाटक उघडं होतं तर उघडं ठेवा, बंद होतं तर उघडून, गाडी काढून, परत बंद करा. आणि अंधारात कच्च्या काय, डांबरी रस्त्यावरसुद्धा जपून चालवा, काळी गाय काळ्या रात्री दिसत नाही.

ट्रकचं बघा, आणि आधी वजन बघा

लोक ट्रक घेतल्या घेतल्या छतावरचा तंबू, लाइटची पट्टी, अडकलेली गाडी ओढायचं विंच, काय काय लावतात. माझं ऐका, ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा जास्त नको. मध्यम आकाराच्या ट्रकला हा आकडा अकराशेच्या आसपास निघतो. आता हिशोब करा. चार मोठी माणसं म्हणजे ६४० पौंड, हौद्यावर बसवायचं टपासारखं झाकण १८०, छतावरचा तंबू १५०, झाले ९७०. बारा गॅलन पाणी म्हणजे अजून १००. उरले तीस पौंड, आणि कूलर, स्टोव्ह, हत्यारं, लाकडं, वहिनींची बॅग सगळं अजून खालीच आहे. म्हणून पहिल्या ट्रिपला साधा जमिनीवरचा तंबू घ्या, दीडशे पौंड तिथंच वाचले.

फोर व्हील ड्राइव्ह पाहिजेच का? या रूटला कोरड्या दिवसात टू व्हीलही चालते, गाडीची उंची जास्त महत्त्वाची. फोर व्हील असेल तर दोन गोष्टी समजून घ्या. एक, 'फोर हाय' (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाला) आणि 'फोर लो' (जास्त ताकद, अगदी कमी वेगाला) कसं लागतं ते घराजवळच करून बघा, बऱ्याच ट्रकमध्ये फोर लो साठी गाडी थांबवून न्यूट्रलला आणावी लागते, आणि लोकांना हे चिखलात अडकल्यावर मॅन्युअल उघडून कळतं. दोन, साध्या पार्ट टाइम फोर व्हीलची गाडी कोरड्या डांबरावर त्या मोडमध्ये चालवायची नसते, वळताना सगळी यंत्रणा आवळली जाते. आणि भाड्याचा ट्रक असेल तर करार नीट वाचा, बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्याला परवानगीच देत नाहीत.

आता टायर. इथं मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मी स्वतः तोंडावर पडलोय.

माझी दुसरी ट्रिप, ऑस्टिनच्या दक्षिणेला एका कच्च्या फाट्यावर, बायको आणि मी, सूर्य बुडायला तासभर. फट् असा आवाज नाही, काही नाही, फक्त गाडी उजवीकडं ओढायला लागली. उतरून बघतो तर मागच्या टायरच्या बाजूला बोटभर चीर, म्हणजे पंक्चरच्या भोकात रबरी प्लग लावून भागणार नाही. म्हटलं ठीक आहे, स्टेपनी आहे ना. स्टेपनी हौद्याच्या खाली टांगलेली असते, ती खाली सोडायला बंपरच्या एका भोकातून लांब सळी घालून आतल्या खाचेत बसवायची आणि उलटी फिरवायची. ही सळी तीन तुकड्यांची, तुकडे मागच्या सीटच्या पाठीमागं, जॅकसोबत, हे शोधायला वीस मिनिटं. मग ती खाच काही सापडेना, मी पोटावर झोपून, बायको टॉर्च धरून "डावीकडं, अजून डावीकडं, नाही रे तुझ्या डावीकडं". एकदाची बसली तर गंजलेली, फिरेना. फिरली तेव्हा स्टेपनी खाली आली आणि कळलं की तिच्यात हवाच पंधरा-सोळा पीएसआय आहे, पाहिजे त्याच्या निम्मी, कारण दोन वर्षांत एकदाही बघितली नव्हती. मग जॅक लावला, तो वाळूत घुसला, गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली. शेवटी भाजी चिरायचा जाड लाकडी पाट जॅकखाली घातला, तो मधोमध तडकला पण तेवढ्यात काम झालं. सव्वादोन तास. थंडी, अंधार, आणि त्या सव्वादोन तासात रस्त्यावर एकही गाडी नाही.

तर यावरून काय करायचं, घरच्या ड्राइव्हवेमध्ये एका रविवारी पूर्ण चाक बदला. फक्त बघायचं नाही, बदलायचं. स्टेपनी पूर्ण साइजची आहे का, तिची हवा किती आहे, तिला कुलूप असेल तर किल्ली कुठं आहे. जॅकखाली घालायला फूटभराची जाड फळी कायमची गाडीत टाका. प्लग किट घ्या आणि एक बरा एअर कॉम्प्रेसर घ्या, शक्यतो थेट बॅटरीला चिमटे लावायचा, सिगरेट सॉकेटवाले छोटे कॉम्प्रेसर ट्रकचं टायर भरता भरता फ्यूज उडवतात.

कॉम्प्रेसर दुसऱ्या कारणासाठीही लागतो. कच्च्या रस्त्यावर आडव्या नालीदार लाटा तयार झालेल्या असतात, पत्र्यासारख्या, गाडी त्यावरून गेली की दात वाजतात आणि डॅशबोर्डचे स्क्रू सैल होतात. उपाय म्हणजे हवा कमी करायची. डांबरावर ३३-३५ असेल तर खडीच्या रस्त्यावर २५ करा, मऊ वाळूत १८ पर्यंत. टायर पसरतं, पकड वाढते, टोकदार दगडावर फाटायच्या ऐवजी दबतं. पण मग वेगही कमी ठेवायचा आणि डांबरावर परत आलात की तिथंच थांबून हवा भरायची, "पुढच्या गावात भरू" म्हणून ७० च्या स्पीडनं गेलात तर टायर तापून फुटेल.

अजून एक, पांढरं शुभ्र सपाट तळं दिसेल, कोरडं, भेगा पडलेलं, आणि त्यावर गाडी पळवायचा मोह होईल. इथं त्याला प्लाया म्हणतात. वरचा पापुद्रा कोरडा आणि खाली चिखल, विशेषतः कडेला. पाऊस होऊन आठवडा झाला नसेल तर त्याच्या जवळही जाऊ नका. आधी उतरून चालत जा, बुटाचा ठसा खोल उमटला तर विषय संपला.

पाणी, पेट्रोल, फोन

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन नुसतं पिण्याचं, स्वयंपाक आणि धुणं धरून मी दोन धरतो. एकाच मोठ्या टाकीत भरू नका, दोन-तीन कॅनमध्ये वाटून भरा, एक फुटला तरी बाकीचे राहतात. ईलीला पोचलात की परत भरून घ्या.

पेट्रोल प्रत्येक गावात भरायचं, फॅलन, ऑस्टिन, युरेका, ईली, टाकी पाऊण भरलेली असली तरी. महाग आहे म्हणून सोडलंत आणि पुढच्या गावातला पंप बंद निघाला तर काय करणार?

फॅलननंतर फोनची रेंज येते-जाते, मुख्यतः जातेच. नकाशे घरूनच ऑफलाइन डाउनलोड करा आणि नेवाडाचा एक कागदी ॲटलस सीटखाली टाका. गुगल दाखवतो तो प्रत्येक रस्ता रस्ता असतोच असं नाही, कधीकधी तो कुणाच्या तरी आज्यानं बैलगाडी नेली असेल एवढाच पुरावा असतो. आयफोन १४ आणि पुढच्या मॉडेलमधून सॅटेलाइटवरून मदतीचा मेसेज जातो, पण वर मोकळं आकाश लागतं. निघताना एका मित्राला लिहून द्या, कुठल्या रात्री कुठं असणार आणि कितीपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. आणि गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा, चालत निघू नका, शोधणाऱ्याला वरून माणूस दिसत नाही, ट्रक दिसतो.

पहिली ट्रिप, तीन रात्री

शुक्रवारी पहाटे निघा. फॅलनच्या पूर्वेला साधारण २५ मैलांवर सँड माउंटन आहे, जवळजवळ ६०० फुटी वाळूची टेकडी, कोरडी वाळू घसरली की घुमल्यासारखा आवाज येतो. जेवायला थांबा, पोरांना चढू द्या, पण मुक्काम करू नका, शनिवार-रविवार तिथं वाळूवरच्या बाइक दिवसभर कोकलत असतात.

पहिली रात्र हिकिसनला. ऑस्टिनच्या पुढं २४ मैल, बीएलएमचं छोटं कॅम्पग्राउंड, फुकट, पिन्यन आणि जुनिपरची झाडं, साधा खड्ड्याचा संडास आहे, पाणी नाही. नवख्यांसाठी मला हेच आवडतं कारण अर्धं जंगल, अर्धी सोय. शेजारच्या खडकांवर जुन्या आदिवासींनी कोरलेल्या आकृत्या आहेत, बघा, हात लावू नका, हाताचं तेल दगडाला लागतं. वाटेत ऑस्टिनजवळ स्पेन्सर नावाचे गरम पाण्याचे झरे आहेत, तिथं आधी हात घालून बघा आणि मगच पाय, काही कुंडांचं पाणी अक्षरशः भाजतं.

दुसऱ्या दिवशी युरेका, ईली करत ग्रेट बेसिन नॅशनल पार्क. दोन रात्री तिथं. व्हीलर पीक १३,०६३ फूट, खाली लेहमन केव्ह्ज नावाच्या गुहा, त्यांचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा, तिथं जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. २०१६ पासून हे डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा. अमावस्येच्या आसपासचा शनिवार गाठला तर कॅलेंडर बघितल्याचं सार्थक होईल, आकाशगंगा दाखवायला बोट करावं लागत नाही. मग सोमवारी त्याच रस्त्यानं परत, एक दिवस सुट्टी टाका, बे एरियापर्यंत सहाशे मैलांच्या आसपास आहे, रविवारी रात्री धावत यायचं नाही.

स्वयंपाक आणि परसाकडं

साडेसहा हजार फुटांवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी टणटणीत राहते. तीन लिटरचा छोटा कुकर न्या. अमेरिकन शेजारी शिट्टी ऐकून धावत येतात, आमच्याकडं एकदा एक आजोबा "काही फुटलं का?" म्हणून आले आणि वरणभात खाऊन गेले. बाकी पहिल्या रात्रीसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं असं घरूनच, कारण पोचायला उशीर होतोच. दुसऱ्या रात्री पिठलं. भांडी धुण्यात पाणी घालवू नका, आधी कागदानं पुसा, मग ओंजळभर पाण्यात हात फिरवा.

स्टोव्ह नेहमी उघड्यावर, तंबूत किंवा हौद्याच्या झाकणाखाली दार लावून पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेकोटीवर उन्हाळ्यात बहुतेक बंदी असते, निघायच्या आदल्या दिवशी त्या भागाचे नियम बघा. कॅलिफोर्नियात सरकारी जमिनीवर मोकळ्या जागी मुक्काम करणार असाल तर गॅस स्टोव्हलाही कॅम्पफायर परमिट लागतं, ऑनलाइन फुकट मिळतं, पाच मिनिटांचं काम.

वारा दुपारनंतर सुटतो आणि सुटला की तंबू पतंग होतो. नुसत्या खुंट्यांवर विश्वास नको, एक दोरी ट्रकच्या चाकाला बांधा आणि ट्रक वाऱ्याच्या बाजूला आडवा लावा.

आता सगळ्यांना विचारायचं असतं पण कुणी विचारत नाही ते. मोकळ्यावर जायची वेळ आली तर छोटं फावडं घ्या, पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून २०० फूट लांब जा, सहा ते आठ इंच खोल खड्डा, झालं की माती ओढा. कागद पुरायचा नाही, वाळवंटात तो वर्षानुवर्षं कुजत नाही, पिशवीत घालून परत आणायचा. इथं आपल्या लोकांचा फायदा आहे, टमरेल घेऊन गेलात तर कागदाचा प्रश्नच मिटला, फक्त ते पाणी हिशोबात धरा.

परत आल्यावर गाडीखालचा भाग पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, प्लायाची माती खारट असते आणि पत्रा खाते. एअर फिल्टर काढून झटका. वाटेत चाक बदललं असेल तर ५० मैलांनंतर नट परत आवळायचे असतात, ते राहिलं असेल तर आधी ते करा. आणि कुकरची रिंग काढून धुवा, मी धुतली नाही, आमच्याकडं आमटीत अजून मधूनच हिकिसन कचकचतं.